नऊ जणांतले आठ सापडले: गनर व्हर्नन मूरचं प्रकरण

ट्युनिशियात कार्थेजजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं एक मोठं दफनस्थान आहे. तिथे कबरींच्या शेजारी एक लांबच लांब भिंत आहे आणि तिच्यावर ३,७२४ नावं कोरलीयत, ज्यांचा देहच मिळाला नाही अशांची. पुढेमागे कुणाचा देह सापडला की त्याच्या नावाशेजारी फुलासारखी एक बारकी खूण बसवतात, म्हणजे हा सापडला बरं का. स्टाफ सार्जंट व्हर्नन एल. मूर, राहणार न्यू बोस्टन, ओहायो, हा अजून सापडलेला नाही. त्याच्या विमानावरचे बाकीचे आठ जण सापडले, विमान सापडलं, विमानातला थर्मास सापडला, अंगातली लाइफ जॅकेटं सापडली, तो मात्र नाही.

‘लेडी बी गुड’ हे त्या विमानाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. नेटवर ही गोष्ट "भुताळी विमान" म्हणून फिरते, आणि त्यात विमानच हिरो असतं. मला ती उलट बाजूने मांडायची आहे, शेवटच्या माणसाच्या बाजूने, कारण सगळं प्रकरण नीट वाचलं की लक्षात येतं की हा पोरगा हरवला तो दुसऱ्यांसाठी मदत आणायला गेला म्हणून. तर सुरुवातीपासून सांगते.

४ एप्रिल १९४३. लिबियात बेनगाझीच्या दक्षिणेला सुलूक नावाचा धावपट्टीचा तळ, तिथे अमेरिकन हवाई दलाचा ३७६ वा बॉम्ब ग्रुप होता. त्या दिवशी इटलीतल्या नेपल्स बंदरावर पंचवीसेक बी-२४ लिबरेटर विमानं दोन तुकड्यांत जाणार होती. बी-२४ म्हणजे चार इंजिनांचं अवजड बॉम्बर. लेडी बी गुड अगदी नवीन होतं, मार्चच्या शेवटी तळावर आलेलं, आणि त्यातले नऊ जणही नवेच, एकत्र क्रू म्हणून ही त्यांची पहिलीच मोहीम. पायलट हॅटन, को-पायलट टोनर, नेव्हिगेटर हेज, बॉम्बार्डियर वोरावका, फ्लाइट इंजिनिअर रिप्सलिंगर, रेडिओवर लामोट, आणि तीन गनर, म्हणजे मशीनगन चालवणारे: शेली, अॅडम्स आणि आपला मूर. सगळी तरणी पोरं. कुणी न्यूयॉर्कचा, कुणी मिशिगनचा, कुणी मिसुरीचा, मूर ओहायो नदीकाठच्या छोट्या गावचा. ह्यातल्या कुणीही सहारा कधी वरून नीट पाहिला नसेल, कारण तळावर येऊन त्यांना पंधरा-सतरा दिवसच झाले होते.

उड्डाणाच्या वेळी वाळूचं वादळ. इंजिनात वाळू गेल्यामुळे दुसऱ्या तुकडीतली बरीच विमानं वाटेतनंच परत फिरली, लेडी बी गुड अगदी शेवटी उडालेल्यांपैकी होतं, ते पुढे गेलं. नेपल्सपाशी पोचेपर्यंत अंधार पडलेला, टार्गेट दिसेना, मग परत फिरायचं ठरलं. एकटं विमान, रात्र, खाली काळा समुद्र.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण ह्या प्रकरणाची गाठ इथेच आहे आणि बहुतेक ठिकाणी ती दोन ओळीत उरकलेली असते. मध्यरात्रीनंतर, साधारण बारा वाजून बारा मिनिटांनी, हॅटनने रेडिओवरून बेनगाझीजवळच्या बेनिनाच्या स्टेशनकडे दिशा विचारली. तेव्हाचं दिशा शोधायचं यंत्र म्हणजे एक गोल लूप अँटेना. ती फिरवायची आणि सिग्नल कुठल्या रेषेवर येतोय ते बघायचं. रेषा मिळते, पण त्या रेषेवर विमान आपल्या ह्या बाजूला आहे की त्या बाजूला हे एकट्या लूपवरून कळत नाही. पाठीमागून हाक मारणारा आणि समोरून हाक मारणारा त्या यंत्राला सारखाच. स्टेशनने उत्तर दिलं ३३० अंश, म्हणजे वायव्येला, म्हणजे समुद्राच्या बाजूला, म्हणजे तुम्ही अजून घरी यायचे आहात, याच रेषेवर पुढे या. सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं की त्या वेळी विमान किनारा आणि तळ दोन्ही ओलांडून आग्नेयेला वाळवंटावर गेलेलं होतं. रेषा बरोबर होती. बाजू चुकली. आणि मग विमान "घराकडे" उडत राहिलं, प्रत्येक मिनिटाला घरापासून लांब जात.

तळावरच्यांनी वर इंजिनांचा आवाज ऐकून फ्लेअर्स, म्हणजे उजेडाचे बार, सोडले असंही सांगितलं जातं, पण विमान तसंच निघून गेलं. खाली दिवा नाही, गाव नाही, नुसतं काळं. रात्री उंचावरून समुद्र आणि वाळवंट सारखेच दिसतात हे मला आधी पटायचं नाही, मग एकदा रात्रीच्या विमानात खिडकीशी बसून खाली बघत राहिले, दिवे संपल्यावर खाली नेमकं काय आहे ते सांगताच येईना, तेव्हा पटलं.

म्हणून नेव्हिगेटर हेजवर खापर फोडणारं लिखाण वाचलं की मला त्रास होतो. पहिल्या मोहिमेवरचा पोरगा, वादळात निघालेला, तुकडीपासून तुटलेला, आणि त्याला जमिनीवरून अधिकृत उत्तर मिळतं की तुम्ही समुद्रावर आहात. त्याने काय करायचं होतं? आज आपल्या खिशातला फोन चार-पाच मीटरच्या हिशेबात आपली जागा दाखवतो, त्या फोनवर बसून ८० वर्षांपूर्वीच्या माणसाला "मूर्खपणा केला" म्हणणं फार सोपं आहे.

इंधन संपत आलं तसं पहाटे दोनच्या सुमाराला नऊही जणांनी उड्या मारल्या. आपण समुद्रात पडणार असं त्यांना वाटत असणार, कारण अंगात पाण्यावर तरंगायची जॅकेटं होती. पाय लागले ते वाळूला. अंधारात फ्लेअर आणि पिस्तुलाचे बार काढून आठ जण एकमेकांना सापडले. वोरावका आला नाही. त्याचं पॅराशूट धड उघडलंच नव्हतं, पण ते ह्या आठांना कधीच कळलं नाही, ते त्याला शोधत राहिले. रिकामं विमान तसंच उडत पुढे गेलं, एक इंजिन चालू असताना आपोआप पोटावर घसरत वाळूत टेकलं, साधारण २६ किलोमीटर लांब. तळापासून जवळजवळ ७०० किलोमीटर.

इकडे तळावर काय झालं? विमान आलं नाही. शेवटचा धागा म्हणजे ते ३३० अंश, सगळ्यांच्या मते विमान समुद्रावर होतं, तेव्हा शोधही समुद्राच्या बाजूला झाला आणि काही मिळालं नाही. नऊ घरांत तार गेली, तुमचा मुलगा मिसिंग इन अॅक्शन. अमेरिकेच्या कायद्यात युद्धात बेपत्ता माणसाचं बारा महिन्यांनी पुन्हा बघतात आणि काही पत्ता नसेल तर मृत धरतात. युद्धानंतर शोधपथकंही आली आणि त्यांनीही निष्कर्ष काढला की भूमध्य समुद्रात बुडाले. म्हणजे मूरच्या घरच्यांनी पंधरा-सोळा वर्षं डोळ्यासमोर पाणी आणलं असेल. आणि पोरगा गेला होता पाण्यावाचून.

हे मला सगळ्यात जास्त लागतं. आपल्याकडे बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरायला सात वर्षं लागतात, आणि देह नसेल तर घरचे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात त्याला. ज्यांच्या घरात तो झालाय त्यांना विचारा, तो करायचा निर्णय घेणं म्हणजे काय असतं. भटजी बुवा तिथी काढून देतात, पण घरातलं कुणीतरी एक जण "अहो थांबूया ना अजून" म्हणतंच. कित्येक जण शेवटपर्यंत तयारच होत नाहीत. १९७१ च्या युद्धात ५ डिसेंबरला सुखोई-७ घेऊन शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ल्याला गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे परत आले नाहीत, त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, दीडेक वर्षाचा संसार झालेला, त्यांनी पुढची कित्येक दशकं शोध घेतला, पाकिस्तानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आल्या. ते वेगळं युद्ध आणि वेगळं प्रकरण, त्यात तो माणूस जिवंत पकडला गेल्याच्या बातम्या होत्या, दोन्ही एका मापाने मोजायची नाहीत. पण "बेपत्ता" हा शब्द घरात येऊन बसला की घराचं काय होतं ते न्यू बोस्टनमध्येही तेच आणि आपल्याकडेही तेच.

मग १९५८. तेल शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या लोकांना कालान्शो वाळूसागराच्या भागात वरून एक विमान पडलेलं दिसलं. लगेच कुणी फारसं मनावर घेतलं नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये तेलवाल्यांचीच माणसं जमिनीवरून तिथे पोचली, आणि मे महिन्यात त्रिपोलीच्या व्हीलस तळावरून अमेरिकन पथक आलं. पंखांच्या मागे विमान दोन तुकडे झालेलं, पण बाकी जसंच्या तसं. मशीनगन चालत होत्या, रेडिओ चालत होता, प्यायचं पाणी आणि खाणं शिल्लक होतं, थर्मासमधला चहा सोळा वर्षांनी पिण्यासारखा होता. माणूस एकही नाही आणि पॅराशूटही नाहीत. तेव्हा पहिल्यांदा कळलं की समुद्र वगैरे काही नाही, पोरं इथे उतरली होती आणि चालत गेली होती.

थर्मासचं लोक कौतुकाने सांगतात. मला त्यावरून एवढंच दिसतं की पाणी २६ किलोमीटरवर होतं आणि रेडिओही. पण आपलं विमान कुठल्या दिशेला आणि किती लांब पडलं हे अंधारात उडी मारलेल्या माणसाला कसं कळणार, ते तर वायव्येला निघाले, कारण घर वायव्येला आहे आणि फार लांब नसेल असंच त्यांना वाटत होतं.

पुढच्या शोधात एकेक वस्तू सापडत गेली. पॅराशूटच्या कापडाच्या पट्ट्या बाणासारख्या मांडून त्यावर दगड ठेवलेले. वाळूत टाकलेले बूट. तरंगायची जॅकेटं, सहाराच्या मधोमध. ही टाकून दिलेली अडगळ नव्हती, मागून वोरावका आला तर त्याला वाट दिसावी, वरून विमान आलं तर त्याला दिशा दिसावी, म्हणून एकेक वस्तू अंगावरून काढून खुणेला ठेवत गेले होते. विमानं आली नाहीत, ती समुद्रावर शोधत होती.

११ फेब्रुवारी १९६० ला पाच देह एकाच जागी सापडले. हॅटन, टोनर, हेज, लामोट, अॅडम्स. उतरले तिथपासून शंभरेक किलोमीटर चालून आलेले. आणि टोनरच्या खिशात छोटी डायरी. रोजच्या दोन-तीन ओळी, पेन्सिलीने लिहावं तसं तुटक. अर्धं कँटीन पाणी (कँटीन म्हणजे सैनिकाची पाण्याची बाटली), आठ माणसं, दिवसाला माणशी एक झाकण पाणी. झाकण म्हणजे बाटलीचं बूच हो, पेला नाही. मी एकदा घरात माझ्या बाटलीच्या बुचात पाणी भरून बघितलं, जेमतेम एक घोट, जीभ भिजते इतकंच. त्यावर चालायचं, दुपारी नुसतं पडून राहायचं, रात्री पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. रात्री थंडी इतकी की झोप नाही, दोनेक अंश सेल्सिअसपर्यंत उतरायची. गुरुवारी वाळूच्या टेकड्या लागल्या. त्या दिवशी टोनर लिहितो की सॅम (म्हणजे अॅडम्स) आणि मूर आता गेलेच असं वाटलं. लामोटचे डोळे गेले, बाकीच्यांचेही वाईट.

ही ओळ नीट वाचा. गुरुवारी, ८ एप्रिलला, मूर संपला असं बाकीच्यांना वाटलं होतं. आणि शुक्रवारची नोंद अशी, शेली, रिप आणि मूर वेगळे होऊन मदत आणायला निघतायत, बाकी आम्ही फार अशक्त.

म्हणजे ज्याला आदल्या दिवशी सगळ्यांनी मनातून सोडला होता तोच दुसऱ्या दिवशी उठून त्या तिघांत चालायला लागला. का? कुणी सांगितलं, त्याने स्वतः म्हटलं, की मागे बसून राहण्यापेक्षा चाललेलं बरं वाटलं? रिप्सलिंगरच्याही खिशात डायरी होती, तिच्यावरून असं दिसतं की शेली, मूर आणि मी असे तिघंच पुढे जाऊ ही कल्पना त्याचीच. मूरने हो म्हटलं एवढं नक्की, कारण तो गेला. मूरचा स्वतःचा एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही.

मागे राहिलेले पाच जण वाट बघत राहिले. टोनरची शेवटची नोंद सोमवार १२ एप्रिलची, अजून मदत नाही, रात्र फार थंड. आठ दिवस. एवढ्याशा पाण्यावर माणूस आठ दिवस टिकतो हे वाळवंटातल्या जाणकारांनाही खरं वाटत नव्हतं, आणि इतकं अंतर कापतो हे तर नाहीच.

पाच सापडल्यावर अमेरिकेने मोठी शोधमोहीम काढली, विमानं, हेलिकॉप्टर, ट्रक सगळं. मे १९६० मध्ये शेली सापडला, तेलवाल्या लोकांनाच. त्याच महिन्यात काही दिवसांनी रिप्सलिंगर. दोघंही त्या पाच जणांपासून तीस किलोमीटरहून जास्त पुढे, वाळूच्या टेकड्यांत, आणि दोघंही एकमेकांपासून लांब, म्हणजे शेवटी तिघंही एकटे झाले असावेत. ऑगस्टमध्ये वोरावका सापडला, पॅराशूट अंगालाच. मूरसाठी खूप फिरले. वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकतात, एखादा माणूस झाकायला त्यांना एक मोसम पुरतो, आणि मध्ये गेले होते सतरा.

एक गोष्ट सांगायला हवी, पण हात राखून. १९५३ मध्ये, म्हणजे विमान सापडायच्या आधी, एका ब्रिटिश लष्करी तुकडीला त्याच भागात एका माणसाचे अवशेष मिळाले होते आणि त्यांनी ते तिथेच पुरले असं पुढे कित्येक वर्षांनी उजेडात आलं. त्या भागात अमेरिकन विमान हरवलंय हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तो मूर असू शकतो असं अनेकांना वाटतं. सिद्ध काही झालेलं नाही, अधिकृत नोंदीत तो अजून बेपत्ताच आहे. मला मनातून वाटतं की तो तोच असावा, निदान कुणीतरी त्याला माती दिली असेल, पण हे माझं वाटणं आहे, पुरावा नाही, आणि अशा प्रकरणात दोन्हींची सरमिसळ करू नये.

आणि सरमिसळीवरून आठवलं, "शापित विमान" ही जी आवृत्ती फिरते, की लेडी बी गुडचे सुटे भाग ज्या ज्या विमानात बसवले त्यांचे अपघात झाले, ती मी मुद्दाम इथे मांडत नाहीये. नऊ पोरांच्या खऱ्या हालांवर भुताची गोष्ट चढवायची गरज नाही. ती गोष्ट सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूरचं नाव विचारलं तर येत नाही.

आठवण म्हणून काय काय उरलं? व्हीलस तळावरच्या प्रार्थनागृहात ह्या क्रूच्या नावाने रंगीत काचेची खिडकी केली होती, तळ बंद झाल्यावर ती ओहायोत डेटनच्या हवाई दल म्युझियममध्ये आणली, म्हणजे योगायोगाने मूरच्याच राज्यात. एक पंखा, प्रोपेलर म्हणतात तो, मिशिगनमधल्या लेक लिंडनला ठेवलाय, लामोटच्या गावी. विमानाचे तुकडे १९९४ मध्ये लिबियन लोकांनी वाळवंटातून उचलून टोब्रुकला आणले. टोब्रुक म्हटलं की मराठी माणसाच्या कानाला ते नाव परकं नाही, जून १९४२ मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा तिथे मराठा पलटणही होती, आणि आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे कैद झाली.

आपल्या गावांतल्या त्या संगमरवरी पाट्या बघितल्यात का? सातारा भागात पुष्कळ आहेत, चावडीवर नाहीतर देवळाच्या भिंतीत, पहिल्या महायुद्धाच्या. ह्या गावातून इतके लोक लढाईला गेले, त्यातले इतके कामी आले. बस. आकडे आहेत, नाव एकही नाही. मी अशी एक पाटी हाताने पुसून बघितली होती, वरचा चुना काढला तर खाली कदाचित नावं असतील म्हणून. नव्हती. त्या गावात म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर एक दोन आडनावं निघाली, तीही "आमचे आजोबा सांगायचे" अशी. म्हणून कार्थेजच्या भिंतीचं मला अप्रूप वाटतं. तिथे व्हर्नन मूरच्या नावावर बोट ठेवता येतं.

त्याच्याबद्दल आपल्याकडे लिखित असं शेवटचं म्हणजे त्याच्या सोबत्यांच्या डायऱ्यांतल्या त्या तुटक ओळी. त्यानंतर तो कुठल्या टेकडीपर्यंत गेला, शेलीच्या आधी थांबला की नंतर, हे वाळूलाच माहीत. तिघं निघाले तेव्हा टोनरने लिहिलेल्या नोंदीत दोन गोष्टी आणखी आहेत. पाणी अगदी थोडं उरलंय, आणि आता एकच पॅराशूट शिल्लक आहे. ते पॅराशूट, म्हणजे रात्रीच्या थंडीत अंगावर घ्यायला असलेलं शेवटचं कापड, मागे राहिलेल्या पाच जणांकडे होतं.